उन्हावर उड्या मारणारा रोबो: बॅटरी नाही, प्रोग्रामही नाही

इंदूरच्या घरात नर्मदेचा नळ आला आहे, पण धार करंगळीएवढी. अंगण धुवायचं आहे. या धारेला पाइप लावून अंगण कधीच धुऊन होणार नाही. पाणी उंबऱ्यापाशीच जिरेल. अशा वेळी बादली नळाखाली ठेवायची, भरू द्यायची आणि एका झटक्यात ओतायची. पुन्हा भरायची, पुन्हा ओतायची. सूर्यप्रकाशावर चालणारे छोटे ॲनालॉग रोबो नेमकं एवढंच करतात. त्यांच्यात मायक्रोकंट्रोलर (चिपवरचा छोटा संगणक) नसतो, बॅटरी नसते आणि कोडची एक ओळही नसते. असतं ते एक लहान सोलर पॅनल, एक कपॅसिटर (वीज साठवणारी बादली), दोन ट्रान्झिस्टर (विजेचे स्विच), एक लुकलुकणारा एलईडी, एक रेझिस्टर (करंटला अडवणारा भाग) आणि एक मोटर.

बादली का लागते, ते आकड्यांत पाहू. बाजारात ५ व्होल्ट, ३० मिलिअँपिअरचं आगपेटीएवढं पॅनल मिळतं. त्याला सीडी ड्राइव्हमधली मोटर थेट जोडून भर दुपारी गच्चीवर ठेवली, तर ती बहुतेक वेळा हलत नाही. थांबलेली मोटर ही पॅनलच्या दृष्टीने फक्त तांब्याची तार असते, समजा १२ ओहमची. पॅनल फार तर ३० मिलिअँपिअर देऊ शकतं, म्हणून मोटरवर पडतो ०.०३ गुणिले १२, म्हणजे अवघा ०.३६ व्होल्ट. ब्रशचं (फिरत्या कॉइलला वीज पोचवणाऱ्या पट्ट्यांचं) घर्षण मोडायलाही तो पुरत नाही. पॅनलवर ५ व्होल्ट लिहिलेले असतात, ते काही भार नसताना किंवा हलका भार असताना. थांबलेल्या मोटरसमोर ते कोसळतात.

आता तेच ३० मिलिअँपिअर आधी कपॅसिटरमध्ये साठवू. ६६०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ व्होल्टवरून ३ व्होल्टपर्यंत चढवायला भर उन्हात अर्धा सेकंदही लागत नाही. त्यात साठलेले ३ व्होल्ट एकदम मोटरवर सोडले, की सुरुवातीला पाव अँपिअरपर्यंत करंट धावतो आणि मोटर फिरते. बाकी राहतो एकच प्रश्न: बादली भरली हे ओळखणार कोण, आणि ओतणार कोण? हे काम करणाऱ्या सर्किटला सोलर इंजिन म्हणतात.

या प्रकारच्या रोबोंना बीम हे नाव पडलं. बायॉलॉजी, इलेक्ट्रॉनिक्स, एस्थेटिक्स आणि मेकॅनिक्स या चार शब्दांची ती आद्याक्षरं. कल्पना मांडली मार्क टिल्डन यांनी, कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात असताना. पुढे ते अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत गेले. २००४ साली बाजारात आलेलं रोबोसेपियन हे खेळणं त्यांचंच. पण मेंदूशिवाय वागणूक हा विचार त्याहून जुना आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये दोन यांत्रिक कासवं केली होती. प्रत्येकात दोनच व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) होते, तरी ती उजेडाकडे जात आणि अडथळ्याला वळसा घालत.

सर्किट कसं चालतं

सगळ्यात सोपं सोलर इंजिन लुकलुकणाऱ्या एलईडीवर चालतं. या एलईडीच्या आत एक इवलीशी चिप असते. पुरेसा व्होल्टेज मिळेपर्यंत ती जवळजवळ झोपलेली असते. व्होल्टेज एका पातळीला पोचला, की एलईडी पहिल्यांदा चमकतो आणि त्या क्षणी त्यातून वाहणारा करंट एकदम वाढतो. ती चमक म्हणजेच आपल्याला हवी असलेली खूण, बादली भरल्याची.

जोडणी अशी. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: कलेक्टर, बेस आणि एमिटर. बेसला खूण मिळाली की बाकी दोघांमधली वाट उघडते. पीएनपी आणि एनपीएन हे त्याचे दोन प्रकार. पॅनल आणि कपॅसिटर यांचे प्लस एका तारेवर, मायनस दुसऱ्या तारेवर. बीसी ५५७ या पीएनपी ट्रान्झिस्टरचा एमिटर प्लसला. त्याच्या बेसला लुकलुकणाऱ्या एलईडीचा लांब पाय, आणि एलईडीचा आखूड पाय मायनसला. बीसी ५५७चा कलेक्टर थेट बीसी ३३७ या एनपीएन ट्रान्झिस्टरच्या बेसला. बीसी ३३७चा एमिटर मायनसला. मोटरची एक तार प्लसला, दुसरी बीसी ३३७च्या कलेक्टरला. शेवटी २.२ किलोओहमचा रेझिस्टर: एक टोक बीसी ५५७च्या बेसला, दुसरं बीसी ३३७च्या कलेक्टरला, म्हणजे मोटरच्या खालच्या तारेला.

हा रेझिस्टरच या सर्किटची खरी गंमत आहे. मोटर बंद असताना तो मोटरच्या कॉइलमधून प्लसशी जोडलेला असतो आणि पहिल्या ट्रान्झिस्टरला बंद ठेवतो. एलईडी चमकला, की पहिला ट्रान्झिस्टर उघडतो, तो दुसऱ्याला उघडतो आणि मोटरची खालची तार मायनसकडे ओढली जाते. आता रेझिस्टरचं ते टोकही मायनसकडे गेलेलं असतं, म्हणून तोच पहिल्या ट्रान्झिस्टरला उघडा धरून ठेवतो. एलईडी विझला तरी फरक पडत नाही, कडी लागलेली असते. कपॅसिटर साधारण १ व्होल्टपर्यंत रिकामा होतो, ट्रान्झिस्टरांना उघडं राहायला व्होल्टेज पुरत नाही, कडी निघते आणि भरणं पुन्हा सुरू होतं. जो रेझिस्टर आधी दार लावतो, तोच नंतर ते उघडं धरतो. पाव पैशाच्या भागाकडून याहून जास्त काम क्वचितच घेतलं जात असेल.

सामान कुठलं आणि का तेच

जुन्या इंग्रजी सर्किट-नकाशांत २एन३९०४ आणि २एन३९०६ हे ट्रान्झिस्टर असतात. आपल्याकडे बीसी मालिका सहज मिळते, म्हणून वरचे क्रमांक दिले आहेत. त्यामागे आणखी एक कारण आहे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ५५७ आणि बीसी ३३७ या दोघांचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन३९०४ आणि ३९०६ मध्ये हा क्रम नेमका उलटा आहे. परदेशी नकाशा आणि देशी ट्रान्झिस्टर यांची अशी गल्लत हे न चालणाऱ्या सोलर इंजिनचं नेहमीचं कारण आहे. मोटरसाठी बीसी ५४७ वापरू नका. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. बीसी ३३७ ८०० मिलिअँपिअरपर्यंत झेपवतो आणि त्याच्यात व्होल्टेज कमी वाया जातो. ३ व्होल्टच्या खेळात पाव व्होल्टलाही किंमत असते.

एलईडी लाल आणि एकाच रंगात लुकलुकणारा हवा. रंग बदलत जाणारे सजावटीचे एलईडी नकोत. त्यांतले निळे-हिरवे रंग जास्त व्होल्टेज मागतात आणि सर्किट बेभरवशाचं होतं. इंदूरच्या महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागताना ‘ब्लिंकिंग, लाल, ५ एमएम’ एवढं सांगा आणि चार-पाच घ्या. प्रत्येकाची जागी होण्याची पातळी थोडी वेगळी असते, त्यामुळे लावून पाहूनच निवडावा लागतो. दोन पेन्सिल सेल एकामागे एक जोडले की तो लुकलुकला पाहिजे. उजेडासमोर धरला तर आत चिपचा काळा ठिपकाही दिसतो.

मोटरवर मात्र जिवापाड लक्ष द्या. खेळण्यातल्या गाडीची पिवळी-पांढरी मोटर स्वस्त असते, पण ती नुसती फिरायलाच शंभरेक मिलिअँपिअर खाते. बादलीभर पाणी तिच्या घशाखाली उतरतं आणि चाक अर्धा फेराही घेत नाही. चांगली मोटर नवी घेण्यापेक्षा अटाल्यात, म्हणजे भंगारात, शोधावी. सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ट्रे बाहेर ढकलणारी मोटर उत्तम. जुन्या मोबाइलची व्हायब्रेशन मोटर अगदी हलक्या रोबोला चालते. टेपरेकॉर्डरची मोटरही चांगली, पण तिच्या डब्यात बहुधा वेग कायम राखणारं सर्किट असतं. ते काढून तारा थेट ब्रशला जोडल्याशिवाय ती ३ व्होल्टवर नीट चालत नाही.

मोटरच्या दोन परीक्षा घ्या. शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा) वेगवेगळ्या जागी थांबवून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. १० ओहमच्या वर हवा. मग एका पेन्सिल सेलवर मोकळी फिरवून करंट मोजा. ३० मिलिअँपिअरच्या आत असेल तर घ्या. मल्टिमीटर नसेल तर त्याच जातीच्या दोन मोटरींच्या तारा एकमेकींना जोडा आणि एकीचा शाफ्ट बोटांनी जोरात फिरवा. दुसरी थोडी जरी हलली, तरी दोन्ही चांगल्या.

कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड, १० किंवा १६ व्होल्टचे तीन. समांतर जोडले की ६६०० होतात. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात, म्हणजे भरता भरता आतल्या आत रिकामे होतात. ३ व्होल्टला दोन-तीन मिनिटं भरून ठेवा, मग सेल काढा आणि एका मिनिटाने मोजा. २.७ व्होल्टच्या खाली गेला असेल तर दुसरा घ्या. बिल्ला घातल्यासारखे दिसणारे ०.१ किंवा ०.३३ फॅरडचे चपटे सुपरकपॅसिटर पाहून मोह होतो, पण ते मेमरी जपण्यासाठी केलेले असतात. त्यांचा आतला रेझिस्टन्स काही दशक ओहमांत असतो. तळं मोठं, पण पाणी काढायला सुईएवढं भोक. मोटर सुरूच होत नाही.

आणि पॅनल मोठं घेऊ नका. हे उलटं वाटेल, कारण पुढे येईल.

बांधणी

आधी सगळं ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) चालवून घ्या, मोटर हातात धरून. गच्चीवर ऊन नसेल तर १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब साधारण २५ सेंटिमीटरवर ठेवा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही: सिलिकॉनच्या पॅनलला इन्फ्रारेडही चालतं आणि तारेचा बल्ब ते भरपूर देतो, एलईडी जवळजवळ देतच नाही. त्याहून जवळ मात्र नेऊ नका, पॅनलवरचं प्लास्टिक वाकतं.

मोटर ठरावीक वेळाने झटका देऊ लागली की सोल्डरिंगला बसा. २५ वॉटचं आयर्न पुरे. मोटरच्या पत्र्यावर तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, मागचं प्लास्टिक वितळून ब्रश जागचे हलतात. पॅनलच्या मागच्या तांब्याच्या ठिपक्यांनाही तोच नियम. ते तापले की सोलून निघतात आणि पॅनल वाया जातं.

पहिला रोबो सर्वांत साध्या आकाराचा करा, ज्याला सिमेट म्हणतात. मोटर उभी, शाफ्ट खाली. तिच्याभोवती तीन कपॅसिटर एकमेकांपासून १२० अंशांवर, चुलीच्या तीन दगडांसारखे, त्यांचे पाय वर. सगळे प्लस पाय एका तांब्याच्या कड्याला, सगळे मायनस दुसऱ्या कड्याला. कपॅसिटरवरचा पट्टा मायनसची बाजू दाखवतो. दोन्ही कडी एकमेकांना टेकू नयेत म्हणून एकीवर वायरचं साल चढवा. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि एलईडी वरच्या मोकळ्या जागेत हवेतच सोल्डर करा, बोर्डची गरज नाही. सगळ्यावर आडवं पॅनल.

इथलं महत्त्वाचं माप एकच: शाफ्टचं टोक कपॅसिटरांच्या तळापेक्षा ३ ते ४ मिलिमीटर खाली आलं पाहिजे. म्हणजे रोबो सपाट उभा राहूच शकत नाही. तो शाफ्ट आणि दोन कपॅसिटर यांच्यावर तिरका टेकतो. मोटर फिरली की शाफ्ट जमिनीला घासून त्याला कमानीत ढकलतो, धक्का बसला की तो तिसऱ्या बाजूला कलतो आणि पुढची उडी भलत्याच दिशेने जाते. कोपऱ्यात अडकलेला रोबो काही उड्यांत स्वतःच बाहेर पडतो. तिथून बाहेर कसं पडायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते त्याच्या बसण्याच्या तिरकेपणातच आहे. शाफ्टच्या टोकावर वायरचं बारीक साल चढवा. नुसतं पोलाद कोटा फरशीवर किंवा काचेवर घसरत राहतं.

वजन कमी ठेवा. १ ते ३ व्होल्टच्या दरम्यान ६६०० मायक्रोफॅरडमधून सुमारे २६ मिलिज्यूल मिळतात. यातला कणही वाया न जाता ५० ग्रॅमचा रोबो उचलला, तर तो सुमारे ५.४ सेंटिमीटर वर जाईल. प्रत्यक्षात बहुतेक ऊर्जा मोटरच्या तारेत उष्णता होऊन जाते. म्हणून ग्लू गनचा जाडजूड गोळा आणि शोभेचे पंख या दोन गोष्टी रोबोला जागीच बसवतात.

उडी लहान वाटत असेल तर एलईडीच्या रांगेत, म्हणजे त्याच्या एकामागे एक, १एन४१४८ हा एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, पट्ट्याची बाजू मायनसकडे. त्यामुळे इंजिन ३ऐवजी सुमारे ३.६ व्होल्टला सुटतं आणि उडीची ऊर्जा दीडपट होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. कपॅसिटर वाढवण्यापेक्षा हे बरं. वजन काहीच वाढत नाही.

कुठे अडतं

मोटर नुसती टिचकी मारते, प्रत्येक चमकेला बारीकशी: कडी लागत नाही. २.२ किलोओहमचा रेझिस्टर चुकीच्या जागी आहे किंवा त्याचा जोड कच्चा आहे. एलईडी लुकलुकतो पण मोटर ढिम्म: बीसी ३३७चे कलेक्टर-एमिटर उलटे झालेत का, ते आधी पाहा. एलईडीच लुकलुकत नाही आणि कपॅसिटरचा व्होल्टेज २च्या आसपास थांबतो: कपॅसिटर गळका आहे किंवा ऊन अपुरं आहे. पॅनलच्या आत अनेक सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर वायरची किंवा उभ्या कपॅसिटरची सावली पडली तरी सगळ्यांचा करंट घटतो.

सर्वांत गोंधळात टाकणारा बिघाड वेगळाच. रोबो सकाळी छान उड्या मारतो आणि दुपारी बारा वाजता गप्प बसतो. मोटर गुणगुणते, रोबो हलत नाही. ऊन जास्त झालंय! बादली रिकामी होत असतानाच नळ इतका जोरात वाहतो, की पाण्याची पातळी कडी निघण्याइतकी खाली येतच नाही. ट्रान्झिस्टर उघडेच राहतात आणि मोटर अपुऱ्या व्होल्टेजवर कण्हत बसते. मोठं पॅनल घेऊ नका म्हटलं, ते याचसाठी. पॅनल आधीच घेतलं असेल तर त्याच्यावर बटर पेपरचा एक थर चिकटवा. काळ्या टेपने अर्धं झाकू नका. टेपखाली एक सेल पूर्ण गेला की सगळं पॅनल बंद.

इंदूरचं ऊन

इंदूर कर्कवृत्ताच्या जरासंच दक्षिणेला, २२.७ अंशांवर आहे. २१ जूनच्या सुमाराला मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून एका अंशाच्या आत असतो. २२ डिसेंबरला तो दक्षिणेला फक्त ४४ अंश उंचीवर असतो. आडवं पॅनल उन्हाळ्यात पूर्ण ऊन घेतं, हिवाळ्यात सकाळी पोहे-जिलेबीच्या वेळेला जेमतेम. आणि आपली खरी मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, इंदूर ७५.९ अंशांजवळ, म्हणून सूर्य सरासरी साडेबाराच्या जरा आधी माथ्यावर येतो.

मे महिन्यात गच्चीवर पॅनल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं. सिलिकॉनच्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज एका अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्ट घटतो. दहा सेलचं पॅनल २५ अंशांवरून ६५ला गेलं, तर ०.८ व्होल्ट गेले. ५ व्होल्टच्या पॅनलला हे सोसतं. अंगणातल्या सोलर दिव्यातून काढलेल्या २ व्होल्टच्या पॅनलला मुळात एलईडी जागा करणंच जमत नाही; तशी दोन एकामागे एक जोडावी लागतात.

पावसाळ्यात आणि घरात अडचण उलटी. लक्स हे उजेडाचं माप; भर उन्हात सुमारे १ लाख लक्स असतात, ट्यूबलाइटच्या खोलीत तीनशे. म्हणजे ३० मिलिअँपिअरचं पॅनल घरात मिलिअँपिअरचा दहावा भागही देत नाही. तेवढा करंट तर अर्धवट जागा झालेला एलईडीच पिऊन टाकतो. घरात चालणारा रोबो हवा असेल तर एलईडीच्या जागी १३८१ सारखी व्होल्टेज ओळखणारी तीन पायांची चिप लागते. ती जवळजवळ काहीच खात नाही, पण तिचं सर्किट वेगळं आहे आणि ती ऑनलाइनच मागवावी लागते. पहिल्या रोबोसाठी तो खटाटोप नको. गच्ची आहे ना.

उजेडाकडे वळणारा दुसरा रोबो

सिमेट चालला, की तसंच एक इंजिन आणखी करा आणि दोन्ही एका चौकटीवर बसवा. प्रत्येकाचं पॅनल, कपॅसिटर आणि मोटर स्वतंत्र. दोन मोटरी पुढे डावी-उजवी, शाफ्ट ४५ अंशांत खाली टेकलेले; साल चढवलेला शाफ्ट हेच चाक, गिअर नाहीत. मागे टेकायला यू-पिनची वाकवलेली शेपटी. पॅनल दोन बाजूंना छपरासारखी उतरती, एक डावीकडे, एक उजवीकडे.

आता डावं पॅनल उजव्या मोटरला जोडा आणि उजवं डाव्या मोटरला. सूर्य डावीकडे असेल तर डाव्या पॅनलचा कपॅसिटर लवकर लवकर भरतो, उजवी मोटर जास्त वेळा ढकलते आणि रोबो डावीकडे वळतो, उन्हाकडे. समोर सूर्य आला की दोन्ही कपॅसिटर सारखेच भरतात आणि तो सरळ जातो. उजेड शोधण्याचा निर्णय कुठेच घेतला जात नाही. तो दोन बादल्यांच्या भरण्याच्या वेगातल्या फरकात असतो.

हे पाहायला सकाळी आठ-नऊची किंवा चारनंतरची वेळ निवडा. जूनमधल्या मध्यान्ही सूर्य दोन्ही छपरांना सारखाच असतो, रोबोला डावं-उजवं उरत नाही. आधी मोटरी एकाच दिशेने ढकलतात ना ते बघा; एखादी मागे ओढत असेल तर फक्त तिच्या दोन तारा उलटवा. मग दोन मोटरी आपापसांत बदला, डावं पॅनल डाव्या मोटरला, उजवं उजव्या. आता रोबो उन्हाकडे पाठ फिरवतो आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन थांबतो. तिथून त्याला उचलूनच आणावं लागतं.